नाना पेठेतील मोटार-एसीचे दुकान : गॅस भरण्याआधी तपासणी

पुण्यातील नाना पेठ वाहनांच्या सुट्या भागांसाठी सर्वांना परिचित आहे. तिथल्या एका बोळात केवळ मोटारींचे एसी दुरुस्त करणारे एक छोटे दुकान आहे. आमच्या जुन्या हॅचबॅकचा एसी सकाळी उत्तम चालायचा, पण दुपारच्या वाहतुकीत अर्ध्या तासातच गरम हवा फेकू लागायचा. याआधी दुसऱ्या एका सर्व्हिस सेंटरने ‘गॅस कमी झाला आहे’ असे सांगून गॅस भरून दिला होता आणि गाडी ताब्यात घेताना गारवाही होता. वस्तुतः एसीतील गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असणारच, आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे केवळ बिल वाढवणे.

या दुकानातील मिस्त्रींनी मात्र गाडी कोणत्या वेळी बिघडते, हे प्रथम विचारले. त्यांनी गॅसचा दाब मोजणारे गेज जोडले, बॉनेट शक्य तितके खाली घेतले आणि एसी सुरू ठेवून इंजिन पुरेसे तापू दिले. सुरुवातीला कमी दाबाचा काटा ३५ पीएसआयच्या आसपास आणि जास्त दाबाचा २०० च्या आसपास स्थिर होता. काही वेळाने पहिला काटा वर आणि दुसरा खाली सरकू लागला, म्हणजेच कॉम्प्रेसर थांबला होता. त्यांनी लगेच कॉम्प्रेसरच्या क्लचच्या, म्हणजे कॉम्प्रेसरला विद्युतचुंबकाने फिरत्या पुलीशी जोडणाऱ्या भागाच्या, वायरीवर मल्टिमीटर लावला, तर तिथे १३ व्होल्टपेक्षा जास्त विद्युतदाब येत होता. वीज पोहोचते आहे म्हटल्यावर फ्यूज, रिले आणि प्रेशर स्विच हे सगळे एकाच मोजणीत संशयातून सुटले. ‘साहेब, गॅस पुरेसा आहे; आणखी भरला तर उलट त्रास होईल,’ इतकेच ते म्हणाले.

इंजिन बंद केल्यावर त्यांनी पुली आणि क्लच प्लेट यांच्यामध्ये फट मोजणाऱ्या फीलर गेजची पाती सरकवून दाखवली. जिथे साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट हवी, तिथे झिजेमुळे ती जवळपास १ मिमी झाली होती. क्लचच्या चुंबकाची कॉइल तापली की तिचा विद्युतरोध वाढतो, चुंबकीय ओढ कमी पडते आणि एवढी फट ओलांडून प्लेट पुलीला चिकटत नाही. गाडी तासभर उभी राहिली की कॉइल थंड होते आणि एसी पुन्हा सुरू होतो. सर्व्हिस सेंटरमध्ये त्याचे श्रेय गॅसला मिळाले ते असे. मिस्त्रींनी प्लेट काढून आतली एक शिम, म्हणजे फट ठरवणारी पातळ चकती, कमी केली, फट पुन्हा मोजली आणि गाडी तापवून खात्री करून घेतली. खर्च आधीच्या गॅसच्या बिलाच्या निम्माही आला नाही. हा उपाय प्रत्येक गाडीला लागू पडत नाही, कारण काही कॉम्प्रेसरांना असा क्लचच नसतो, आणि बेअरिंग गेले असेल तर नुसती शिम काढून भागत नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितले.

उणिवाही आहेत. गाडी उभी करायला जागा जवळजवळ नाहीच, ग्राहकाला रस्त्याच्या कडेला ताटकळावे लागते आणि मागितल्याशिवाय पक्के बिल मिळत नाही. कूलिंग कॉइलसारखे डॅशबोर्ड उघडण्याचे काम इतक्या अरुंद जागेत करून घ्यायला मी तरी कचरेन. मात्र अधूनमधून बंद पडणाऱ्या एसीचे निदान करून घ्यायचे असेल, तर दुपारी, गाडी चालवून तापलेली असतानाच तिथे न्यावी. सकाळी थंड गाडी नेल्यास बिघाड उमटेपर्यंत मिस्त्री थांबवून ठेवतात.