‘मिडनाइट्स चिल्ड्रन’: तीस बरण्या आणि एक रिकामी

लोणच्यांचा माझा घरगुती व्यवसाय आहे. ‘त्यात तुझंच काम आहे बघ’ असं मैत्रीण म्हणाली, म्हणून सलमान रश्दींची ही १९८१ची, बुकर मिळालेली कादंबरी मागवली. रात्री वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी कैऱ्या फोडताना आत्याला मराठीत सांगायचे.

सलीम सिनाई १५ ऑगस्ट १९४७ला मध्यरात्रीच्या ठोक्याला मुंबईत जन्मतो. तिशी गाठल्यावर लोणच्याच्या कारखान्यात राहून तो आपलं आयुष्य लिहून काढतो. प्रकरणं तीस, बरण्याही तीस, प्रत्येकीवर प्रकरणाच्या नावाची चिठ्ठी. शेजारी एक बरणी रिकामी. आयुष्याला नदी म्हणणारे, वाट म्हणणारे पुष्कळ वाचले होते; लोणचं म्हणणारा पहिल्यांदाच भेटला, आणि मला तो पटला. मिठा-मोहरीत मुरली तरी कैरी कैरीच राहते, पण झाडावरची चव काही परत येत नाही. सलीम गांधीजींच्या हत्येची तारीख चुकवतो, चूक कळते, तरी तशीच राहू देतो. त्या पानावर मी खूप वेळ थांबले. माझी आई गेली तो वार मला सोमवार आठवतो, आत्याला गुरुवार. जुनं कॅलेंडर काढून बघायचं आम्ही दोघींनीही आजवर टाळलंय.

मुंबईत परतलेला सलीम एका क्लबात हिरवी चटणी चाखतो आणि त्या चवीवरून थेट आपल्या आयापर्यंत, मेरीपर्यंत पोचतो. जन्मताच सलीमची दुसऱ्या बाळाशी अदलाबदल केली ती हीच. हे मला अजिबात अतिशयोक्त वाटलं नाही. एकाच मापाने मी आणि आत्याने लोणचं घातलं, तरी कुठलं कोणाच्या हातचं ते आमची जुनी गिऱ्हाइकं बरोबर ओळखतात.

आत्याचा जीव जडला तो पद्मावर. कारखान्यातली ही बाई, वाचता येत नाही, पण सलीमने पाल्हाळ लावला की ‘पुढे काय झालं ते सांग’ म्हणून त्याला धारेवर धरते. ती रुसून निघून जाते तेव्हा त्याची गोष्टच डळमळते. शेवटी दोघांचं लग्न ठरतं. ते झालं की नाही, हे आत्याने मला तीनदा विचारलं.

सुंदरबनचं प्रकरण मात्र मला जड गेलं, दोनदा बाजूला ठेवलं.

माझी प्रत वाईट निघाली. अक्षर बारीक, डिंक सुटलेला, शेवटची पानं हातात आली. ऑनलाइन विक्रेत्याने बदलूनही दिली नाही. घ्यायची तर दुकानात जाऊन, अक्षर बघून, जमल्यास पुठ्ठा बांधणीची घ्या. आणि दिवसाला एकच प्रकरण वाचा.