सोळाव्या अक्षरावर कापलेली कीर्तनं: आठ महिने वापरल्यानंतर

वडिलांकडच्या कीर्तनाच्या कॅसेट संगणकावर उतरवून डीव्हीडी-आरवर ठेवायचं काम आठ महिने चाललंय. सुरुवात डीव्हीडी रायटरच्या खोक्यात मिळालेल्या सॉफ्टवेअरनं केली. राइट करायला ते झकास, एकही डिस्क फुकट गेली नाही. घोळ निघाला तो लेबलचा, म्हणजे संगणकावर दिसणाऱ्या डिस्कच्या नावाचा.

इंग्रजी लिपीत 'कीर्तन', अंडरस्कोर, 'संग्रह', अंडरस्कोर, पुढे वर्ष आणि भाग असं नाव टाकत होतो. चौकटीत सगळं मावायचं, कसली सूचना नाही. अकरा डिस्क झाल्यावर विंडोजमध्ये पाहतो तर अकराही जणींचं नाव एकच! अक्षरं मोजली: सहा, एक, आठ, एक... दुसऱ्या अंडरस्कोरलाच सोळा भरले होते, वर्ष-भाग गायब.

कारण असं की डिस्कवर नाव दोन पद्धतींनी दोनदा लिहिलं जातं. आयएसओ ९६६० या जुन्या पद्धतीत ३२ अक्षरांची जागा असते, पण नियमानं फक्त इंग्रजी कॅपिटल, आकडे आणि अंडरस्कोर. जोलिएट या तिच्या विस्तारातही ३२ बाइटच, मात्र प्रत्येक अक्षराला दोन, म्हणजे १६. विंडोज जोलिएटचं नाव दाखवतं. लिनक्सवर आयसोइन्फो या डिस्कची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमनं पाहिलं तेव्हा आयएसओचं नाव पूर्ण सापडलं.

मग म्हटलं मराठीतच लिहू. 'कीर्तन संग्रह भाग १'. आपल्या हिशेबानं नऊ अक्षरं, तीन मोकळ्या जागा, बारात काम व्हावं. झालं काय, तर 'कीर्तन संग्रह भा'. वेलांटी, अनुस्वार, हलन्त, काना हे सगळे वेगळे मोजले जातात, जोडाक्षराचे तर तीन लागतात. ('संग्रह' एकटाच सहा खातो.)

आता इमगबर्न (ImgBurn) हे डिस्क राइट करायचं दुसरं सॉफ्टवेअर वापरतो. २०१३ नंतर नवी आवृत्ती नाही आणि तोंडावळाही तसाच जुनाट, पण लेबलच्या पानावर आयएसओ, जोलिएट आणि यूडीएफ ही तिसरी पद्धत यांचे रकाने वेगवेगळे दिसतात, त्यामुळे कुठे काय जातंय ते कळतं. लेबल टाकायला विसरलो तर राइट करण्याआधी विचारतो. यूडीएफमध्ये नावाला १२८ बाइट आहेत. पहिला आणि शेवटचा हिशेबाचा, म्हणजे साधी १२६ किंवा देवनागरी ६३ चिन्हं. तरी मी भागाचा आकडा आधी आणि नाव मागून लिहितो, कापलंच तर शेपूट जाईल.

पहिल्या अकरा डिस्क राइट होऊन कायमच्या बंद झाल्यात, त्यांचं लेबल बदलत नाही. त्यांच्यावर मार्करनं आकडे घातलेत, आणि वडील आधी डिस्क उलटीसुलटी करून आकडा शोधतात, मग ट्रेमध्ये घालतात.