एलसॅटची तयारी: आधी ‘तर’ घ्यावं की ‘मुळे’?

अमेरिका-कॅनडातल्या लॉ स्कूलसाठीच्या एलसॅट या प्रवेश परीक्षेतून ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स, म्हणजे अटींवरून मांडणी करण्याची कोडी, गेली. आता गुण धरले जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन लॉजिकल रीझनिंगचे, म्हणजे छोटे युक्तिवाद तपासण्याचे, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. गेम्सबरोबर जर-तरही गेलं असं समजून कुणी ते टाळत असेल तर चुकतंय. वेळ थोडा असेल तर आधी सशर्त, म्हणजे जर-तरची, विधानंच घ्यावीत; ‘मुळे’चं कार्यकारण नंतर. नियम मोजके आहेत, आणि एकदा बसले की बसले.

इथे मराठी कामाला येते. ‘परवाना असेल तरच दुकान उघडता येतं.’ बाणाने (‘हे असेल तर ते असतंच’) ते असं लिहायचं: दुकान उघडं → परवाना आहे. बाजू उलटवून दोन्ही नाकारल्या की: परवाना नाही → दुकान बंद. हाती एवढंच लागतं. परवाना आहे म्हणजे दुकान उघडं असेलच, हे यातून निघत नाही; फसवा पर्याय बहुधा तोच असतो. ‘ओन्ली इफ’ दिसलं की मनात ‘तरच’ म्हणा, ‘अनलेस’ दिसलं की ‘नसेल तर’.

कार्यकारणात नियम कमी, संशय जास्त. ‘कॉफीचं यंत्र असलेल्या कार्यालयांत काम जास्त होतं, म्हणजे यंत्रामुळे काम वाढतं.’ काम जोरात चालतं म्हणूनच यंत्र आणलं असेल तर? दोन्हींमागे कंपनीचा पैसा असेल तर? की नुसतीच कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली? ‘यंत्र येण्याआधीही तिथे एवढंच काम होत होतं’ हा पर्याय दावा कमकुवत करतो. वीकन प्रश्नात, म्हणजे दावा कमकुवत करणारा पर्याय निवडायचा असतो तिथे, तेवढं पुरतं, दावा पुरता खोटा पाडावा लागत नाही. सशर्त नियम मात्र एका अपवादाने मोडतो.

दोन्हींची गल्लत होते ती बाणाच्या दिशेत. न्यायदर्शनातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं, उदाहरण घ्या: जिथे धूर तिथे अग्नी. अनुमान धुराकडून अग्नीकडे जातं, कारण मात्र अग्नीकडून धुराकडे. शिवाय तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. म्हणून बाण उलटा फिरवता येत नाही.

‘बिकॉज’ दिसताच कार्यकारण समजू नका. ‘दिवे बंद आहेत, म्हणून घरात कोणी नसावं’ यातला ‘म्हणून’ निव्वळ निष्कर्षाचा आहे. दिवे विझल्यामुळे माणसं बाहेर गेलेली नाहीत.