पक्ष्यांसाठी विजापूर रोडवरचा दवाखाना: आधी शीट बघतात, मग औषध

सोलापुरात गाई-म्हशींना, कुत्र्यामांजरांना डॉक्टर मिळतात. कॉकटेल पोपटाला हातात नीट धरणारा डॉक्टर मिळणं मात्र अवघड. म्हणून विजापूर रोडवरच्या या दवाखान्याबद्दल मुद्दाम लिहितेय.

इथले डॉक्टर पक्ष्याला हात लावायच्या आधी ट्रेमधला कागद मागतात. फोनवरच सांगतात, "ताई, वर्तमानपत्र नको, पांढरा कोरा कागद अंथरा आणि तसाच घेऊन या." आमच्या कॉकटेलची, चिकूची शीट लालसर दिसली तेव्हा घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं होतं. डॉक्टरांनी काडीने तिचे तीन भाग दाखवले: मधली घट्ट वळी म्हणजे विष्ठा, तिच्यावरचा पांढरा भाग म्हणजे युरेट आणि भोवती कागदात पसरलेलं पाणी म्हणजे लघवी. मग विचारलं, "काल काय खायला घातलं?" डाळिंब! आपल्या जिल्ह्यात ते कुणाच्या घरात नसतं? बीटनेही असाच रंग येतो म्हणाले. एक दिवस डाळिंब बंद, तरीही लाल दिसलं तर लगेच या. औषध एकही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी रंग गेला.

काकडी-कलिंगडाने नुसतं पाणी वाढतं, वळी शाबूत राहते. ती हगवण नव्हे. वळीच मोडली, दाणे न पचता तसेच पडले किंवा शीट काळीकुट्ट, चिकट आली, तर मात्र थांबायचं नाही.

पुढे चिकू खरोखरच आजारी पडला. पिसं फुगवून बसायचा, दाण्याला तोंड लावायचा नाही. शीट जेमतेम, गडद हिरवी, आणि पांढरा भाग पिवळट-पोपटी. डॉक्टरांनी ग्रॅमच्या काट्यावर वजन केलं आणि सिटॅकोसिसची, म्हणजे पोपटांकडून पसरणाऱ्या जिवाणूंच्या आजाराची शंका सांगितली. हा आजार माणसांनाही होतो, म्हणून घरात कुणाला ताप-खोकला आहे का, हे आधी विचारलं. कागद कोरडा झाडू नका, पाणी शिंपडून उचला, मास्क लावा. डॉक्सिसायक्लीन हे अँटिबायोटिक 45 दिवस. पिंजऱ्यातला समुद्रफेसही काढायला लावला, कारण त्यातल्या कॅल्शियममुळे हे औषध अंगी लागत नाही. इतकं बारकाईने कोण सांगतं हो? चिकू आता ठणठणीत आहे, दुपारभर शीळ घालतो.

दोन उणिवा आहेत. नमुना तपासायला बाहेरगावी जातो, रिपोर्टला वेळ लागतो. आणि संध्याकाळी कुत्र्यांची गर्दी असते, पक्ष्यांना बसायला वेगळी जागा हवीच. भेदरलेला पक्षी पातळच शिटतो, त्यामुळे दवाखान्यातली शीट बघून नीट अंदाज येत नाही. शक्यतो सकाळी जा, घरचा कागद सोबत न्या. त्यावर पहाटेची पहिली शीट मोठी दिसेल, ती रात्रभर साठलेली असते, तिला घाबरू नका.