चीटो वापरून आठ महिने: नायट्रेट उतरलं, फॉस्फेट अडून बसलं

गणपती उरकल्यावर दादर स्टेशनच्या पुलावर एका गृहस्थांनी माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी मला दह्याच्या डब्यातून मूठभर चीटो, म्हणजे एक समुद्री शेवाळ, दिलं. भांडी घासायच्या काथ्यासारखा हिरवा गुंता. आई म्हणाली, "काचेवरचं शेवाळ खरवडून दमलास, आणि आता बाहेरून आणतोस?" आता मे संपत आलाय.

माझी टाकी तीन फुटी, सम्प (खालची जोडटाकी) धरून साधारण 200 लिटर. मासे म्हणजे दोन क्लाउन, एक गोबी; मऊ प्रवाळ म्हणजे झोआ, मशरूम आणि एक लेदर. कडक प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्यामुळे त्या वाटेला गेलो नाही. चीटो आणलं तेव्हा नायट्रेट 40 पीपीएम होतं, फॉस्फेट 0.4. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून साचणारी ही दोन्ही शेवाळाची खतं. दर रविवारी 20 टक्के पाणी बदलायचो, पण गणित बघा: 40 चं 32 होतं, आणि पुढच्या रविवारपर्यंत मासे खाऊनपिऊन पुन्हा भर घालतात. मिठाचा खर्च वेगळाच.

त्याआधी जीएफओचे, म्हणजे फॉस्फेट शोषणाऱ्या लोहसंयुगाचे, तांबूस दाणे रिअ‍ॅक्टरमध्ये (पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात) भरून पाहिले होते, पाकिटावर लिहिलंय तेवढे. चार दिवसांत फॉस्फेट शून्य. मी खूश, झोआ बंद. दोन आठवड्यांनी वाळूवर तपकिरी शेंबडासारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे. डायनो! पोषण संपलं की फोफावणारे सूक्ष्मजीव. सायफनने ओढून काढले की संध्याकाळी परत हजर. शून्य आकडा चांगला, ही समजूत तिथेच गेली.

चीटोला सम्पचा एक कप्पा दिला आणि झाडांसाठीचा साधा एलईडी लावला, रात्री नऊ ते सकाळी नऊ. वरचे दिवे बंद असताना खालचे चालू, म्हणजे रात्री साचणारा कार्बन डायऑक्साइड चीटो वापरतं आणि पाण्याचा पीएच घसरत नाही. खिडक्या बंद करून एसी लावणाऱ्या आमच्या घरात सकाळचा पीएच 7.8 असायचा, आता 8 च्या आसपास राहतो.

पहिला महिना काहीच घडलं नाही. मग गोळा फुगायला लागला आणि जानेवारीपर्यंत नायट्रेट 10 वर आलं. फॉस्फेट मात्र रेंगाळत होतं, कारण टाकीतले खडक वर्षभर शोषलेलं फॉस्फेट आता हळूहळू परत सोडत होते.

फेब्रुवारीत घोळ झाला. चीटो फिकट पडलं, हाताने कुस्करलं तर तुटायला लागलं. टेस्ट केली तर नायट्रेट शून्य, फॉस्फेट 0.15. शेवाळाला फॉस्फरसच्या कितीतरी पट नायट्रोजन लागतो. तो संपला की उरलेलं फॉस्फेट त्याला खाता येत नाही. ताटात कालवण आहे पण भाकरी नाही, असं झालं. मी दिवा बारा तासांवरून सातवर आणला, माशांना एकाऐवजी दोनदा खायला घालू लागलो, आणि जीएफओ पाकिटावरच्या चौथ्या हिश्शाएवढं, जाळीच्या पिशवीत. तीन आठवड्यांत नायट्रेट 5 आणि फॉस्फेट 0.06 वर आलं. झोआ इतके उघडलेत की मधली वाळू दिसत नाही.

तक्रारी आहेतच. तुटलेले धागे रिटर्न पंपात अडकतात. एकदा सकाळी उठलो तर पंप बंद, सम्प काठोकाठ. आता मध्ये स्पंज ठेवलाय, तो दर दोन दिवसांनी धुवावा लागतो. मिठाच्या खारीने एलईडीचे स्क्रू सहा महिन्यांत गंजले. आणि ज्याची टाकी लहान, ज्याला सम्पच नाही, त्याने या भानगडीत पडू नये. खाणं कमी आणि पाणी वेळच्या वेळी बदललं तरी त्याचं भागेल. स्किमर (फेसातून घाण खेचणारं यंत्र) मात्र कोणी काढू नका, चीटो त्याच्या जागी येत नाही.

उन्हाचं मला भय होतं. या महिन्यात पंखा लावूनही पाणी 29 अंशांच्या खाली येत नाहीये, पण चीटोला काही फरक पडला नाही.

दर पंधरवड्याला अर्धा गोळा काढतो. फेकायचा म्हणजे शोषलेलं सगळं टाकीबाहेर गेलं, हिशेब एवढाच. परवा मात्र तो ठाण्याला फलाटावर एका मुलाला दिला, त्याच दह्याच्या डब्यातून. डबा परत मागून घेतला, तो आता आईचा झालाय.