8 महिने, 120 क्रेडिट आणि ते 31 सेकंद

पैसे घेऊन माझी गाणी ब्लॉगवाल्यांपर्यंत पोचवणारी एक सेवा मी वापरते. गेल्या महिन्यात एका रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी तिथल्या माझ्या खात्यात 6 क्रेडिट, म्हणजे आधी विकत घेतलेले गुण, परत आले. तीन जणांनी मुदतीत गाणं ऐकलंच नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे परतावा. बरं वाटलं. सकाळी उठून बघते तर ते 6 गायब. क्रेडिटची मुदत खरेदीपासून 6 महिने, आणि परत आलेल्या क्रेडिटला मुदत जुन्याच खरेदीची लागते म्हणे. मध्यरात्री ती संपली. माझे पैसे वीस मिनिटांसाठी माहेरपणाला येऊन गेले. गंमत म्हणजे, वाया जाऊ नयेत म्हणूनच मी ते 6 मुदत संपायच्या पाच दिवस आधी घाईघाईने वापरले होते.

सहा क्रेडिटने कुणाचं घर बुडत नाही, मान्य. पण ऐकलं नाही त्यांनी आणि भुर्दंड मला? त्यावरून सेवेवाल्यांशी मेलामेली सुरू झाली. अकराव्या मेलनंतर म्हटलं, आता सगळंच लिहून काढू.

सेवेचं नाव घेत नाही. स्वतःची गाणी स्वतः रिलीज करणाऱ्यांना ती कुठल्या जातीची आहे हे सांगायला नको: क्रेडिट घ्या, ब्लॉगवाले आणि प्लेलिस्टवाले निवडा, एकेकाला गाणं पाठवा, त्याने किमान 30 सेकंद ऐकून उत्तर द्यायचं. हा प्रकार रूढ केला तो 2015 साली सुरू झालेल्या सबमिटहबने, आणि तीही एका ब्लॉगवाल्याचीच कल्पना होती. मी वापरते ती सेवा वेगळी.

पैसे मोजायला का गेले? त्याआधीचं गाणं फुकटात पाठवून झालं होतं म्हणून. 60 मेल, प्रत्येकाला नावानिशी, प्रत्येकाने अलीकडे लिहिलेलं काहीतरी वाचून. उत्तरं आली दोन, आणि दोन्हींत दरपत्रक. रिव्ह्यूचे इतके, मुलाखतीचे इतके, दोन्ही घेतलंत तर सूट. रेडिओवाले गुपचूप पैसे घेऊन गाणी लावतात म्हणून 1959-60 मध्ये अमेरिकी संसदेत चौकशी झाली होती, पेओला म्हणतात त्याला. आता गुपचूप वगैरे काही नाही, पीडीएफ येते, वर लोगो.

मोठ्या दारांची आशा मी आधीच सोडली होती. ब्रिटनमधल्या एनएमई या संगीतपत्राचं छापील साप्ताहिक 2018 मध्ये बंद झालं, तिथलंच क्यू हे संगीत मासिक 2020 मध्ये. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटला 2024 च्या सुरुवातीला जीक्यू या पुरुषांच्या मासिकाच्या पंखाखाली सरकवलं. याच पिचफोर्कने 2005 मध्ये क्लॅप युअर हँड्स से येह या बँडला, पाठीशी लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी नसताना, 10 पैकी 9.0 गुण दिले आणि बँडचं नशीब फिरलं. ती गोष्ट आम्ही सगळे अजून एकमेकांना सांगतो. वीस वर्षं जुनी आहे.

तर 60 क्रेडिट घेतले. पुढचे 60 मी घेतले नाहीत, ते आपोआप घेतले गेले. शिल्लक 10 च्या खाली गेली की नवा पॅक आपोआप घेण्याची सोय आधीपासून चालूच ठेवलेली असते. बंद करायचं बटण ॲपमध्ये नाही. वेबसाइटवर आहे, बिलाच्या पानावर, अगदी तळाला, करड्या अक्षरांत. आधी ते बंद करा आणि मग पुढचं वाचा.

आता मुद्द्याचं. डॅशबोर्डवर प्रत्येक नावापुढे एक रकाना असतो: किती वेळ ऐकलं. हा रकाना त्यांनी दिलाच नसता तर मी आज सुखी असते.

या सेवेतून पाठवलेलं माझं पहिलं गाणं 4 मिनिटं 12 सेकंदांचं. माझा आवाज येतो 44 व्या सेकंदाला. तोपर्यंत हार्मोनियमचा एकच सूर आणि भात्याचा श्वास. 38 व्या सेकंदाला खुर्ची कुरकुरते, कारण गायला म्हणून मी पुढे झुकले होते. मला ती कुरकुर काढायची होती. मिक्स करणारा मित्र म्हणाला, "राहू दे गं. त्यामुळे तू खोलीत आहेस असं वाटतं."

एकोणीस जणांना पाठवलं. रकाना असा भरत गेला: 31, 32, 31, 30, 33, 31, 31. मध्येच एक 47. त्या 47 वाल्याची मी आजन्म ऋणी आहे, तीन सेकंद का होईना, त्याने माझा आवाज ऐकला. बाकीच्यांपैकी चौघांचं उत्तर शब्दशः एकच होतं: प्रॉडक्शन सुरेख आहे, पण आमच्या यादीच्या सध्याच्या मूडमध्ये बसत नाही. आणि एका महाभागाने लिहिलं होतं, "तुमच्या आवाजातला हळवेपणा खूप भावला." ऐकलं होतं 31 सेकंद. मी तो स्क्रीनशॉट फोनच्या वॉलपेपरला लावला. अजून आहे.

इथून माझं डोकं फिरलं. रात्री झोपायच्या आधी रकाना, सकाळी डोळे उघडले की रकाना. कोण 30 वर पळालं आणि कोण 34 पर्यंत टिकलं, याची मी वहीत नोंद ठेवायला लागले. स्पॉटिफायवरही 30 सेकंद ऐकलं तरच एक स्ट्रीम धरतात, त्यामुळे अख्ख्या जगाचा संयम कुणीतरी तिसाव्या सेकंदाला शिवून ठेवलाय असा सिद्धांतही मी मांडला. मित्राने दोन आठवडे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अगं, मग आवाज आधी आण ना. एवढं काय त्यात?"

आणला. दुसऱ्या गाण्यात चौथ्या सेकंदाला मी गातेय. चौदा जणांना पाठवलं, चौघांनी घेतलं. पहिल्या गाण्याला एकोणिसांतून एकच होकार होता, तोही एका छोट्या ब्लॉगचा, आणि त्याच्याही पुढे रकान्यात 31. न ऐकताच हो म्हणाला, दुसरं काय! पण चौदातून चार म्हणजे मला मैदान मारल्यासारखं झालं. तिसऱ्या महिन्यात हा अनुभव लिहिला असता तर पाचापैकी चार तारे दिले असते.

चांगलं झालं, लिहिला नाही. त्या चार होकारांतल्या तीन प्लेलिस्ट होत्या. एकीने महिन्याभरात 90 स्ट्रीम दिले. दुसरीने पंधराव्या दिवशी गाणं न सांगता काढून टाकलं. तिसरीने दोन रात्रींत 600 दिले. मी हुरळले. मित्राने विचारलं, सेव्ह किती केलं? एकानेही नाही. फॉलोअर किती वाढले? शून्य. सहाशे माणसं ऐकतात आणि एकालाही ते परत ऐकावंसं वाटत नाही, म्हणजे ती माणसं नसावीत. स्पॉटिफायने 2024 पासून उघडउघड बनावट स्ट्रीमबद्दल डिस्ट्रिब्युटरकडून (आमची गाणी स्पॉटिफायवर चढवणारी कंपनी) दर गाण्यामागे दंड घ्यायला सुरुवात केली आहे, आणि असा दंड शेवटी गायकाच्या माथी येऊ शकतो. घाबरून मीच त्या प्लेलिस्टवाल्याला लिहिलं की बाबा, काढ माझं गाणं. क्रेडिट देऊन आत शिरायचं आणि हात जोडून बाहेर पडायचं. त्याच्या नावापुढे सेवेची हिरवी 'तपासलेला' खूण होती. अजूनही आहे.

त्याच वर्षापासून आणखी एक नियम आहे: आधीच्या 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याला स्पॉटिफायकडून रॉयल्टीच नाही. माझी दोन्ही गाणी त्या खाली. तेव्हा क्रेडिटचे पैसे गाण्यातून वसूल होतील हा हिशेब मी वहीतून फाडून टाकला.

आणि मग पाचव्या महिन्यात, मी विसरूनही गेले होते, त्या छोट्या ब्लॉगचा रिव्ह्यू आला. पहिल्या गाण्याचा. 400 शब्द. कोणते कलाकार ऐकता, प्रेरणा काय, असलं काही नाही. त्याने भात्याबद्दल लिहिलं होतं. सुराआधी हवा ऐकू येते, त्यामुळे गाणं सुरू होण्याआधी कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटतं, असं. एक ओळ त्याने चुकीची ऐकली होती, पण माझ्या ओळीपेक्षा ती बरी होती. आणि शेवटच्या परिच्छेदात: "आवाज येण्याच्या जरा आधी एक खुर्ची कुरकुरते. ती कुणी काढली नाही, याबद्दल आभार."

मी तीनदा वाचलं. मग ट्यूब पेटली. खुर्ची 38 व्या सेकंदाला आहे. याच्यापुढे तर 31 लिहिलंय.

त्याला मेल करून विचारलं. विचारताना लाज वाटली, पण विचारलं. उत्तर साधं होतं. 30 सेकंद होईपर्यंत उत्तराचं बटण उघडत नाही. तो तेवढं वाजू देतो, बरं वाटलं तर गाणं उतरवून घेतो आणि रात्री चांगल्या स्पीकरवर नीट ऐकतो. डॅशबोर्डला त्यातलं काहीच कळत नाही. माझं गाणं त्याने सहा-सात वेळा ऐकलं होतं.

म्हणजे पाच महिने मी ज्या रकान्यावर दात खात होते, तो बटण दाबायची वेळ मोजत होता. वही मिटली. न्याय करायचा तर 'हळवा आवाज'वाल्यालाही आता संशयाचा फायदा द्यायला हवा. देत नाही. वॉलपेपर तसाच ठेवलाय.

रिव्ह्यूमुळे आलेली माणसं हातावर मोजण्याइतकी. पण त्यातल्या नऊ जणांनी बँडकॅम्पवर, म्हणजे चाहते थेट कलाकाराकडून गाणी घेतात त्या वेबसाइटवर, गाणं विकत घेतलं. योगायोगाने रिव्ह्यू आला तो बँडकॅम्प फ्रायडेच्या आदल्या दिवशी. 2020 पासून अशा ठरावीक शुक्रवारी कंपनी स्वतःचा वाटा सोडते, एरवी डिजिटल विक्रीतले 15 टक्के कापते. नऊ जणांनी मला त्या 600 भुतांपेक्षा कितीतरी जास्त दिलं, आणि त्यातल्या दोघांनी संदेश लिहिले. एकाने विचारलं होतं, खुर्ची कुठली आहे?

त्याच ब्लॉगवाल्याने, मी विचारलं म्हणून, माझ्या चुकाही काढल्या. न विचारता कुणी काढल्या नसत्या. प्रेस किटमधली (लिहिणाऱ्यांना पाठवायचं गाणं, फोटो आणि ओळख) खासगी लिंक दोन आठवड्यांनी बंद पडत होती, ज्यांनी निवांत ऐकायचं ठरवलं असेल त्यांना बंद दार. फोटो चारही उभे, आणि ब्लॉगच्या माथ्यावर लागतो आडवा. स्वतःची ओळख 600 शब्दांची, त्यात शाळेतलं बक्षीस. "पहिल्या दोन ओळींत गाणं कशाबद्दल आहे ते सांग, मी तिथूनच उचलणार आहे," असं तो म्हणाला, आणि खरंच, त्याच्या रिव्ह्यूची दुसरी ओळ माझीच होती. हे दुरुस्त करायला मला एक संध्याकाळ लागली आणि एकही क्रेडिट लागलं नाही.

फुकटातलं दुसरं काम मी घाईत घालवलं होतं. स्पॉटिफायच्या संपादकांकडे रिलीजआधी गाणं थेट सुचवता येतं, 500 अक्षरांत, एका वेळी एकच. किमान 7 दिवस आधी सुचवलं तर ते फॉलोअरच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या यादीत येतं. गाणं बाहेर पडलं की ती खिडकी बंद. मला शुक्रवारच हवा होता, का तर 10 जुलै 2015 पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं. त्या हट्टापायी डिस्ट्रिब्युटरकडे फाइल पाच दिवस आधी गेली आणि माझ्याच फॉलोअरपर्यंत गाणं पोचलं नाही. सगळे बडे ज्या दिवशी येतात त्याच दिवशी मलाही यायचं होतं, हे आता लिहिताना कसंतरीच वाटतं. तिसरं गाणं मंगळवारी काढलं, तीन आठवडे आधी फाइल देऊन. संपादकांनी घेतलं नाही, पण रिलीज रडारमध्ये आलं, आणि पहिल्या आठवड्याचे आकडे आधीच्या दोन्हींपेक्षा बरे होते. कुणालाही काही न देता.

मग सेवा बंद का केली नाही? तो ब्लॉगवाला मला तिथेच भेटला म्हणून. माझ्या त्या 60 मेलांत त्याचाही पत्ता होता. तो म्हणाला, असेल, त्याच्या इनबॉक्समध्ये न उघडलेल्या मेलांचा आकडा पाच अंकी आहे. हे मला आवडत नाही, पण खरं आहे. अख्खा पॅक घेऊन ढीगभर लोकांना पाठवण्यापेक्षा तीन-चार लिहिणारे निवडावेत, प्लेलिस्टवाल्यांकडे बघूही नये, असं माझं आजचं मत. आठ महिन्यांत दोनदा बदललंय, तेव्हा कितपत विसंबायचं ते तुम्ही ठरवा. तारे तीन. स्वयंचलित खरेदीचा अर्धा कापून अडीच.

त्या 6 क्रेडिटचं काय झालं? पहिले चार मेल बॉटशी. त्याने मला चार वेळा मुदतीचा नियम चिकटवला. पुढे माणूस आला, त्याने तोच नियम हळहळ व्यक्त करून चिकटवला. अकराव्या मेलमध्ये मी वेळा लिहिल्या, 11:40 आणि 12:00, आणि विचारलं की या वीस मिनिटांत मी नेमकं कुणाला पाठवायला हवं होतं. दोन दिवसांनी 6 क्रेडिट आले, 'सदिच्छा म्हणून'. मुदत सात दिवस.

नवं गाणं तयार नव्हतं. म्हणून तेच 44 सेकंदांवालं, खुर्चीसकट, तीन नव्या लोकांना पाठवलं. रकान्याकडे बघणार नव्हते. बघितलं. 31. 31. आणि तिसऱ्यापुढे 4 मिनिटं 12 सेकंद. उत्तर एका ओळीचं: पूर्ण ऐकलं, मला नाही आवडलं.

त्याला लगेच धन्यवादाचा मेल टाकला.