काळ्या स्प्रेखालचं भोक

माझी 2006 ची स्कोडा ऑक्टाव्हिया, 1.9 टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल. हिचा कंपनीचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग, अगदी लहान, उजव्या चाकापुढे कोपऱ्यात दडवलेला. मोठा इंटरकूलर रेडिएटरसमोर बसवायचा तर पाइप न्यायला पत्र्यात भोकं पाडावी लागतात आणि बंपरही कापावा लागतो. एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका गॅरेजला काम दिलं. बिलात स्पष्ट लिहिलं होतं: दोन भोकं, कडा घासून प्रायमर, कडेवर रबर बीडिंग (रबराची पट्टी), साडेसात हजार रुपये. बाहेरून काम देखणं दिसलं म्हणून मी लगेच पैसे दिले. आतलं काम बंपर उतरवल्याशिवाय दिसत नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जुलैत ताम्हिणी घाट चढताना गाडीचा दम गेला. शिट्टीसारखा आवाज, आरशात काळा धूर. बायको-मुलं सोबत, बाहेर धो धो पाऊस. कशीबशी गाडी परत आणली.

दुसऱ्या मेस्त्रींनी बंपर उतरवला. सिलिकॉनचा होज, म्हणजे हवेचा लवचिक पाइप, भोकाच्या कडेवर घासून अंगठा जाईल इतका फाटला होता. कडेवरून बोट फिरवलं तर करवतीसारखी लागली. गोल भोक पाडायची करवत, होल सॉ, वापरलीच नव्हती. ग्रायंडरने वेडंवाकडं कापून, कानसही न मारता वर काळा स्प्रे मारला होता. नखाने खरवडताच रंगाची पापडी निघाली आणि खाली तांबडा गंज. रबर बीडिंगच्या जागी वायरमनची काळी चिकटपट्टी, तीही सुटून लोंबत होती.

मेस्त्री म्हणाले, इंजिन त्याच्या रबरी माउंटिंगवर हलतं, म्हणजे पाइपही हलतो. 63 मिमीच्या पाइपला बीडिंग धरून 80 मिमी तरी भोक हवं. माझ्या गाडीत एका बाजूला बोटभरही जागा नव्हती. कापलेल्या पत्र्याला त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे, कारण कंपनीचा गंजरोधक थर कडेवर उरलेला नसतो. हे काम करून घेणार असाल तर बंपर परत चढवायच्या आधी स्वतः जा आणि कडेवरून बोट फिरवून बघा. गॅरेजने पाठवलेल्या फोटोंवर विसंबू नका. मला पाठवलेल्या फोटोंत फक्त गाडीची पुढची जाळी होती.

सगळ्यात जास्त राग मात्र बंपरमागचा लोखंडी बीम पाहून आला. इंटरकूलर मावावा म्हणून तो खालून जवळजवळ अर्धा कापला होता. समोरून धडक बसली तर पहिला मार तोच झेलतो. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. त्या गॅरेजला फोन केला तर उत्तर मिळालं, "सगळेच असं करतात, साहेब." ज्या गाडीत माझी पोरं बसतात तिच्याबद्दल!

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून दुसरा बीम आणला, कमी उंचीचा इंटरकूलर घेतला, भोकं नीट करून घेतली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. कापलेला बीम, ते बिल आणि चिकटपट्टीचा तुकडा जपून ठेवलाय. तक्रारीचा अर्ज याच आठवड्यात देतोय.